तेरावा राऊंड

गेले काही भाग आपण लढायांवर बोलत होतो. आज लढाई नाही, लढत. आणि तीही अशी, जी कधी झालीच नाही.

आमच्या चामराजपेटेत संध्याकाळी चार निवृत्त माणसं एकत्र बसली की हा विषय निघतोच. एकजण बेळगावकडचा असतो. त्याच्या मते एकसंब्याच्या श्रीपती खंचनाळ्यांसारखा मल्ल झाला नाही. १९५९ साली पहिला हिंदकेसरी कोण, तर आमचा माणूस. कोल्हापूरकडचा लगेच गणपतराव आंदळकरांचं नाव घेतो. म्हैसूरचा गृहस्थ दसऱ्याच्या कुस्त्यांवर येतो आणि कन्नडमध्ये सांगतो की गरडी मने, म्हणजे तालीम, तुमच्याआधी आमच्याकडे होती. मग कोणीतरी माझ्याकडे वळून विचारतं, तुम्ही फौजेतले, तुम्ही सांगा, मोहम्मद अली मोठा की मार्सियानो? बंगळूर ही एके काळी शहाजीराजांची जहागीर. त्यामुळे इथे मराठी, कन्नड, उर्दू, तमिळ अशा सगळ्या भाषांत भांडता येतं, आणि भांडण मात्र एकच असतं: तो आज असता तर?

हे भांडण मला पोरकट वाटत नाही. इतिहासाचा अभ्यास म्हणजे तरी दुसरं काय? पण ते बहुतेक वेळा चुकीच्या टोकाकडून सुरू होतं. आपण माणूस उचलतो, दुसऱ्या काळात नेऊन ठेवतो आणि विचारतो की जिंकेल का. त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट उचलावी लागते, ती आपण मागेच विसरतो. ती म्हणजे घंटा. लढत किती वेळ चालणार, कुठे थांबणार, निकाल कशावर लागणार, हे कोण ठरवणार?

आधी या खेळातली सर्वांत गाजलेली न झालेली लढत पाहू, कारण ती चक्क चित्रपटगृहात दाखवली गेली होती.

१९६७ साली अमेरिकेत मायामीच्या मरे वोरोनर नावाच्या रेडिओ निर्मात्याला एक कल्पना सुचली. सगळ्या काळांतले हेवीवेट मुष्टियोद्धे घ्यायचे, त्यांची माहिती संगणकात भरायची, आणि संगणकाने लावलेला निकाल रेडिओवर धावत्या वर्णनासारखा ऐकवायचा. संगणक होता एनसीआर ३१५, खोलीभर पसरलेलं धूड. माहिती कुठून आली? क्रीडा पत्रकारांकडून. कुणाचा ठोसा किती जोरदार, कुणाची हिंमत किती, याचे गुण माणसांनीच दिले होते. संगणकाने फक्त बेरीज केली. आजही यंत्राने निकाल दिला की लोक मान डोलावतात. यंत्राच्या पोटात गेलेलं मत बाहेर येताना शास्त्र होऊन येतं.

त्या स्पर्धेत रॉकी मार्सियानो पहिला आला आणि अली उपांत्यपूर्व फेरीतच जिम जेफ्रीजकडून हरला. अली भडकला. त्याने दहा लाख डॉलरचा दावा ठोकला. तो का भडकला, याकडे आपण पुढे येऊ, कारण ते नुसतं हरण्याचं दुःख नव्हतं. शेवटी तडजोड झाली ती अशी की अलीने आणि मार्सियानोने खरोखर कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं. १९६९ च्या उन्हाळ्यात मायामीतल्या एका स्टुडिओत दोघांनी एकेका मिनिटाचे सत्तरएक राऊंड खेळून दाखवले. मार्सियानो निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती. त्याने त्यासाठी पन्नासेक पौंड वजन उतरवलं आणि डोक्यावर टोप चढवला. शेवट वेगवेगळे चित्रित केले गेले. कुठला वापरणार, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. चित्रीकरण संपून थोडेच दिवस झाले होते, तोच ३१ ऑगस्ट १९६९ ला विमान अपघातात मार्सियानो गेला. दुसऱ्या दिवशी त्याचा शेहेचाळिसावा वाढदिवस होता. जानेवारी १९७० मध्ये एका रात्रीपुरता तो चित्रपट लागला. अमेरिकेतल्या प्रेक्षकांनी पाहिलं की मार्सियानोने अलीला तेराव्या राऊंडमध्ये झोपवलं. युरोपात दुसरा शेवट दाखवला गेला आणि त्यात अली जिंकला.

म्हणजे निकालसुद्धा गिऱ्हाईक पाहून.

पण माझं लक्ष त्या आकड्यावर अडकतं. तेरा. कारण मार्सियानोच्या खऱ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा राऊंडही तेरावाच होता. २३ सप्टेंबर १९५२, फिलाडेल्फिया. समोर जर्सी ज्यो वॉलकॉट, जगज्जेता, वय अडतीस. पहिल्याच राऊंडला वॉलकॉटने मार्सियानोला खाली पाडलं. त्याच्या कारकिर्दीत हे पहिल्यांदाच घडत होतं. बारा राऊंड झाले तेव्हा तिन्ही पंचांच्या कागदावर वॉलकॉट पुढे होता. तेरावा राऊंड सुरू होऊन मिनिटही झालं नव्हतं, तोच मार्सियानोचा उजवा ठोसा बसला आणि वॉलकॉट दोरांवरून घसरत खाली आला. नवा जगज्जेता.

आता आजचा नियम लावा. आज जागतिक अजिंक्यपदाची लढत बारा राऊंडची असते. आजच्या नियमाने त्या रात्री वॉलकॉट गुणांवर जिंकला असता. मार्सियानोचा तो ४९ पैकी ४९ चा विक्रम, ज्याच्या जोरावर संगणकाने त्याला पहिला क्रमांक दिला, तोच उरला नसता.

हे एकच उदाहरण असतं तर सोडून दिलं असतं. पण १८ जून १९४१ ला न्यूयॉर्कमध्ये ज्यो लुई आणि बिली कॉन यांची लढत झाली. कॉन लुईपेक्षा पंचवीसेक पौंडांनी हलका, पण विजेसारखा चपळ. बारा राऊंडनंतर दोन पंचांच्या मते कॉन पुढे, तिसऱ्याच्या मते बरोबरी. कॉनला वाटलं, आता याला पाडूनच दाखवतो. तो अंगावर गेला आणि तेराव्या राऊंडची दोन सेकंदं उरली असताना लुईने त्याला आडवा केला. बारा राऊंडच्या जगात बिली कॉन जगज्जेता झाला असता. लुईच्या पंचवीस यशस्वी बचावांची माळ तिथेच तुटली असती.

उलटही पाहा. ५ एप्रिल १९१५ ला हवानात जॅक जॉन्सन जेस विलार्डकडून हरला, तो सव्विसाव्या राऊंडला. लढत ४५ राऊंडची ठरली होती! सदतीस वर्षांच्या जॉन्सनने पहिले वीस राऊंड तरी चांगलेच हाताळले होते. पंधराच्या काळात तो जिंकून घरी गेला असता.

पंधराचे बारा कसे झाले, हेही सांगायला हवं, कारण त्यामागे एक मृत्यू आहे. १३ नोव्हेंबर १९८२ ला लास व्हेगासमध्ये कोरियाचा डक कू किम रे मॅन्सिनीशी लढला. चौदाव्या राऊंडला तो कोसळला आणि चार दिवसांनी रुग्णालयात गेला. एका जागतिक संघटनेने लगेच बारा राऊंडची मर्यादा घातली, बाकीच्यांनी त्या दशकाच्या अखेरीपर्यंत तेच केलं. योग्यच केलं. एनडीएत नवशिक्या कॅडेटांच्या मुष्टियुद्ध स्पर्धा असतात. तिथे रिंगमध्ये उतरलेल्या कुणालाही विचारा, तीन राऊंडमध्ये छातीचा भाता कसा होतो ते. दुसऱ्या राऊंडपर्यंत हात शिशाचे होतात आणि शिकवलेलं सगळं विसरतं. चौदाव्या राऊंडचा माणूस कोणत्या अवस्थेत उभा असतो, याची कल्पना खुर्चीवर बसून येत नाही.

तेव्हा अली की मार्सियानो, याचं माझं उत्तर हवंच असेल तर देतो. अली, आणि तेही गुणांवर नाही, जखमेवर. मार्सियानोची कातडी लवकर फाटायची. सप्टेंबर १९५४ मध्ये एझार्ड चार्ल्सने त्याचं नाक असं उभं चिरलं होतं की लढत थांबवतील या भीतीने मार्सियानोने आठव्या राऊंडला घाईघाईने काम उरकलं. अलीचा डावा ठोसा हा कातडी फाडणारा ठोसा होता. आजचा डॉक्टर रिंगच्या कडेला बसवला तर मार्सियानोला आठवा राऊंडही दिसणार नाही. १९५४ चा डॉक्टर बसवला तर मात्र मी पैज लावणार नाही.

आता अलीच्या रागाकडे. संगणकाने त्याला हरवलं ते जिम जेफ्रीजकडून. हा जेफ्रीज कोण? शतकाच्या सुरुवातीचा गोरा जगज्जेता. त्याने विजेतेपदासाठी काळ्या आव्हानवीराशी लढणं नाकारलं आणि अपराजित म्हणून निवृत्त झाला. पुढे १९०८ साली सिडनीत जॅक जॉन्सन पहिला काळा जगज्जेता झाला, तेव्हा गोऱ्या अमेरिकेने नेमका हाच खेळ सुरू केला: जेफ्रीज असता तर! वर्तमानपत्रांनी तो इतका वाजवला की बिचाऱ्या जेफ्रीजला शेतावरून उठवून, शंभरेक पौंड वजन उतरवायला लावून, सहा वर्षांच्या खंडानंतर रिंगमध्ये आणलं. ४ जुलै १९१०, रीनो. जॉन्सनने त्याला पंधराव्या राऊंडला संपवलं. त्या रात्री अमेरिकेतल्या कित्येक शहरांत दंगली झाल्या आणि माणसं मेली. अली स्वतःला जॉन्सनचा वारस मानायचा. व्हिएतनाम युद्धात भरती व्हायला नकार दिला म्हणून त्याचं विजेतेपद आणि परवाना काढून घेतला होता, आणि त्याच काळात एक यंत्र सांगत होतं की जेफ्रीजने तुला हरवलं. न झालेली लढत इतकी निरुपद्रवी नसते. ‘तो असता तर’ म्हणणारा बऱ्याचदा ‘आमचा असता तर’ म्हणत असतो. आपल्या पंचक्रोशीतल्या, आपल्या जातीच्या, आपल्या जिल्ह्याच्या मल्लाबद्दल आपण काय बोलतो, ते एकदा कान देऊन ऐका.

त्याच १९१० साली, जॉन्सननंतर दोन महिन्यांनी, लंडनमध्ये आपला गामा उभा होता. १० सप्टेंबरला त्याची कुस्ती पोलंडच्या स्टॅनिस्लॉस झ्बिस्कोशी झाली. झ्बिस्को गामापेक्षा कितीतरी वजनदार. पहिल्याच पकडीत त्याला कळलं की उभ्याने आपलं काही चालणार नाही. तो गादीवर पालथा पडला, हातपाय पसरले आणि तसाच चिकटून राहिला. अडीच तासांहून जास्त वेळ! निकाल लागेना. पुढच्या शनिवारी पुन्हा लढायचं ठरलं, झ्बिस्को आलाच नाही, आणि गामाला विजयी जाहीर केलं गेलं. लंडनच्या प्रेक्षकांनी त्या अडीच तासांत काय पाहिलं असेल, देव जाणे. आपल्याकडच्या फडात अशा मल्लाला लोकांनी हुर्यो करून हाकललं असतं.

अठरा वर्षांनी, १९२८ मध्ये, पतियाळात तेच दोघे पुन्हा भिडले. गामा पन्नाशीला टेकलेला, झ्बिस्को त्याच्या आसपासचाच. एका मिनिटाच्या आत झ्बिस्को चितपट.

माणसं तीच. एकदा अडीच तासांत निकाल नाही, एकदा मिनिटभरात निकाल. आता मला सांगा, या दोघांची ‘माहिती’ यंत्रात भरायची तर कुठली भराल? लंडनची की पतियाळाची? आजच्या नियमात तर पंचाने झ्बिस्कोला निष्क्रिय ठरवून गामाला गुण दिला असता आणि सहा मिनिटांत दोघं अंघोळीला गेले असते.

महाराष्ट्रात हा प्रश्न दरवर्षी खरोखर आखाड्यात उतरतो. महाराष्ट्र केसरीत माती विभाग वेगळा, गादी विभाग वेगळा, आणि किताबाची लढत या दोन विभागांच्या विजेत्यांत होते. जुना काळ विरुद्ध नवा काळ, तोही जिवंत. म्हणून ‘मातीतला पैलवान मॅटवर टिकत नाही’ हे वाक्य मी ऐकून घेत नाही. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कवठेपिरानच्या मारुती मान्यांनी फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण मिळवलं आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य. गणपतराव आंदळकरांनी ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य. ग्रीको-रोमन म्हणजे कमरेखाली हात लावायचा नाही, पायाचा वापर नाही. ज्याच्या अंगात ढाक, टांग आणि पट काढणं मुरलं आहे, त्याचे अर्धे डाव काढून घेतल्यासारखं आहे हे. तरी त्यांनी सुवर्ण आणलं. म्हणजे नियम माणसाला बांधतो हे खरं, पण काही माणसं दोरी बांधलेल्या हातानेही लढतात. असा माणूस ओळखायचा कसा? तो एकाहून अधिक घंटांखाली जिंकलेला असतो. माझी मोठेपणाची कसोटी एवढीच आहे.

आणि त्या कसोटीवर मला ज्या मल्लाचं नाव घ्यावंसं वाटतं, ते चामराजपेटेतल्या भांडणात सहसा निघतच नाही. खाशाबा जाधव. कारण साधं आहे. फडातल्या कुस्तीला वजनाचं बंधन नव्हतं, हिंदकेसरीचा दबदबा धिप्पाड शरीराचा होता, आणि कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा १९५२ साली हेलसिंकीत ५७ किलोच्या बँटमवेट गटात लढत होते. शंभर किलोच्या मल्लाशेजारी उभे केले तर त्यांच्या खांद्याखाली लपतील. म्हणून आपल्या यादीत ते ‘ऑलिंपिकवाले’ म्हणून वेगळे, ‘मोठे पैलवान’ म्हणून नव्हेत. हा अन्याय वजनकाट्याचा आहे.

खाशाबांसाठी मात्र एक अशी काल्पनिक लढत आहे, जी जवळजवळ जुळवून ठेवल्यासारखी वाटते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अमन सेहरावत कांस्यपदक जिंकला. गट ५७ किलो. बहात्तर वर्षांचं अंतर, वजन तेच, पदक तेच. अमनला उपांत्य लढतीत हरवलं जपानच्या रेई हिगुचीने, ज्याने पुढे सुवर्ण घेतलं. खाशाबांना हेलसिंकीत हरवलं जपानच्या शोहाची इशीने, ज्याने तिथे सुवर्ण घेतलं. योगायोग आहे, पण बोलका आहे. मग लावू या का कुस्ती?

अमनच्या घंटेखाली लावली तर तीन-तीन मिनिटांचे दोन भाग, प्रत्येक पकडीला गुण, दहा गुणांची आघाडी झाली की खेळ संपला. अमन वयाने एकवीस, दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्ये लहानपणापासून मॅटवर वाढलेला. या नियमात मी अमनच्या बाजूने. त्याने कांस्याच्या लढतीत तेरा गुण घेतले होते. असा वेग १९५२ मध्ये कुणालाच शिकवला जात नव्हता, कारण त्याची गरज नव्हती.

खाशाबांच्या घंटेखाली लावली तर पंधरा मिनिटं. गुणफलक नाही, कडेला बसलेले पंच. पहिल्या सहा मिनिटांत अमनने जे काही केलं असेल, ते पचवून खाशाबा सातव्या मिनिटाला अजून उभे असणार. मातीतला मल्ल दम राखायला शिकलेला असतो. त्यांच्या ढाकेची ख्याती होती, आणि ढाक ही दमलेल्या माणसावर जास्त चालते. या नियमात मी खाशाबांच्या बाजूने, आणि इथे मी पैज लावीन.

पण यात एक गोष्ट बसत नाही. अमनच्या मागे प्रशिक्षक होते, मसाज करणारे होते, आहार पाहणारे होते. उपांत्य लढतीनंतर त्याचं वजन चार किलोंहून जास्त वाढलं होतं. ते रात्रभरात कसं उतरवायचं, यासाठी माणसं त्याच्याबरोबर रात्र जागली. खाशाबांना हेलसिंकीला जायचे पैसे मुळात जमवावे लागले. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. १९४८ मध्ये लंडनला जाईपर्यंत खाशाबा मॅटवर खेळलेलेसुद्धा नव्हते, तरी तिथे ते सहावे आले. हेलसिंकीत इशीशी दमवणारी लढत झाल्याबरोबर त्यांना सोव्हिएत संघाच्या राशिद मामादबेयोव्हसमोर बोलावलं गेलं. मधे अर्ध्या तासाची विश्रांती नियमात होती, पण ती मागायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता, असं त्यांच्या चरित्रात येतं. म्हणजे घंटा होती, पण ती आपल्या बाजूने वाजवायला माणूस नव्हता. मामादबेयोव्हने रौप्य घेतलं. तेव्हा काल्पनिक लढत लावायचीच तर मी दुसरी लावतो: थकलेला खाशाबा विरुद्ध अर्धा तास बसून पाणी प्यायलेला खाशाबा. त्या कुस्तीत भारताचं रौप्य होतं.

आता थोडं आमच्या फौजेतलं. मेसमध्ये हा वाद निघाला की अलीपेक्षा जास्त नावं दोन यायची, हवा सिंग आणि कौर सिंग. दोघेही सैन्यातले, दोघेही हेवीवेट. हवा सिंगने १९६६ आणि १९७० च्या बँकॉक आशियाई स्पर्धांत लागोपाठ सुवर्ण घेतलं आणि साठीच्या दशकाच्या सुरुवातीपासून दहा-अकरा वर्षं राष्ट्रीय विजेतेपद सोडलं नाही. कौर सिंगने १९८० मध्ये मुंबईत झालेलं आशियाई अजिंक्यपद आणि १९८२ च्या दिल्ली एशियाडचं सुवर्ण घेतलं. कोण जिंकेल? हवा सिंग, असं माझं मत. त्याला कारण ठोशाचं नाही, वयाचं आहे. कौर सिंगने हातमोजे चढवले तेच तिशीच्या आसपास. जो माणूस इतक्या उशिरा सुरू करून आशिया जिंकतो, तो वीसाव्या वर्षी सुरू करता तर कुठे गेला असता, ही मला जास्त रंगतदार लढत वाटते. बाकी हवा सिंगने निवृत्तीनंतर भिवानीत मुलं घडवायला घेतली आणि त्याच भिवानीतून पुढे २००८ साली बीजिंगला विजेंदर सिंगने कांस्य आणलं. दोन काळांची अशी गाठ रिंगमध्ये पडत नाही.

कौर सिंगची एक लढत मात्र काळांना ओलांडून खरोखर झाली. जानेवारी १९८० मध्ये अली भारतात आला होता. दिल्लीत तो आणि कौर सिंग चार राऊंडची प्रदर्शनीय लढत खेळले. अलीचं वय अडतीस, निवृत्ती जाहीर केलेली. आमच्यातले काही कौर सिंगभक्त त्या चार राऊंडवरून मोठमोठे निष्कर्ष काढायचे. मी म्हणायचो, बाबांनो, तो अली १९६६ चा नव्हे. तसं तर ज्यो लुईही १९५१ मध्ये मार्सियानोकडून आठव्या राऊंडला पडला. सदतीस वर्षांचा, कराच्या कर्जापायी पुन्हा हातमोजे चढवलेला लुई. १९८८ मध्ये एकवीस वर्षांच्या टायसनने अडतीस वर्षांच्या लॅरी होम्सला चौथ्या राऊंडला झोपवलं. काळ ओलांडून झालेल्या या खऱ्या लढतींनी काय सिद्ध केलं? की म्हातारपण जिंकतं. ते कुणाला ठाऊक नव्हतं?

म्हणून मी नाव ऐकलं की आधी साल विचारतो. कुठल्या सालचा अली? २८ एप्रिल १९६७ ला त्याने भरती नाकारली तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. पुन्हा व्यावसायिक लढत खेळला २६ ऑक्टोबर १९७० ला, म्हणजे साडेतीन वर्षांनी. परत आलेला अली सोसणारा होता, हुशार होता, पण पायांवर नाचणारा तो अली परत आलाच नाही. ८ मार्च १९७१ ला पंधराव्या राऊंडमध्ये ज्यो फ्रेझरने त्याला पाडलं. पंचवीस ते अठ्ठावीस या वयातला अली कुणीच पाहिला नाही. ज्यो लुईने जानेवारी १९४२ मध्ये सैन्यात नाव घातलं आणि युद्ध संपेपर्यंतची वर्षं शिपायांसमोर प्रदर्शनीय लढती खेळण्यात घालवली. कॉनबरोबरची परतीची लढत व्हायला जून १९४६ उजाडला, तोवर दोघेही जड झाले होते. आणि १९४० व १९४४ ची ऑलिंपिकं झालीच नाहीत. त्या आठ वर्षांत वीस-बावीस वर्षांचे किती मुष्टियोद्धे आणि मल्ल येऊन गेले असतील, त्यांची नावं कुठल्याच संगणकात भरता येत नाहीत. एकाने युद्धाला नकार दिला, एकाने होकार दिला. वर्षं दोघांचीही गेली.

आपल्या मुरलीकांत पेटकरांचंही तेच झालं, फक्त जास्त कठोर रीतीने. सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरचा मुलगा, सैन्याच्या ईएमई दलातला जवान आणि मुष्टियोद्धा. १९६४ साली टोकियोत सेनादलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तो भारतासाठी रिंगमध्ये उतरला आणि पदक घेऊन आला. वय वीस. पुढच्याच वर्षी, १९६५ च्या युद्धात, त्याच्या अंगात गोळ्या घुसल्या. एक मणक्यात अडकली आणि कमरेखालचं शरीर निकामी झालं. त्या मुष्टियोद्ध्याची कारकीर्द तिथेच थांबली. तो चोविसाव्या वर्षी काय झाला असता, हवा सिंगच्या मापाने कुठे बसला असता, हा वाद घालायलासुद्धा आपल्याकडे पुरेसं काही नाही. दोन-तीन वर्षांच्या लढती, बस्स.

मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात उपचार म्हणून त्यांना पाण्यात उतरवलं. १९६८ च्या तेल अवीव पॅरालिंपिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले. १९७२ मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक जिंकलं, भारताचं पॅरालिंपिकमधलं पहिलं. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं. पोहण्यात पंच नसतात, राऊंड नसतात, कुणाच्या मताने गुण मिळत नाहीत. त्यांच्या गटातल्या त्या दिवशीच्या शर्यतीची वेळ नोंदलेली आहे: ३७.३३ सेकंद.